गोदेच्या पात्रांतील पाणवेल

नाशिकचा इतिहास लिहावयास बसलें म्हणजे लेणीं, शिलालेख, घाट आणि देवळें यांचीच मोजदाद प्रथम होते. पांडवलेण्यांत गौतमी बलश्रीचा लेख आहे, मोगली अमलांत या गांवास गुलशनाबाद म्हणत, पेशवाईंत सरदार ओढेकरांनीं काळारामाचें देऊळ उभारलें, हें शाळेंतल्या मुलांसहि ठाऊक असतें. ज्या नदीमुळें हें सर्व येथें घडलें तिच्या पात्राचा इतिहास मात्र कोणी लिहीत नाहीं. नदी ही इतिहासाची नुसती बैठक, तिला स्वतःस कांहीं घडावयाचें नाहीं, असा आपला एक जुना समज आहे. गोदावरीच्या बाबतींत तो कितपत खरा आहे हें पाहण्यासाठीं आम्ही येथें एका आगंतुक वनस्पतीची हकीकत सांगणार आहों. ती सनद घेऊन आली नाहीं, फौज घेऊन आली नाहीं. तरी ऐन उन्हाळ्यांत शहराच्या खालच्या अंगास नदीवर तिचा जितका अंमल असतो तितका कोणत्याहि सुभेदाराचा नव्हता.

नाशिककर तिला पाणवेल म्हणतात. पुण्यामुंबईकडे जलपर्णी हें नांव रूढ आहे. दसक-पंचकच्या बाजूस उन्हाळ्यांत नदीवर उभें राहिलें तर पुष्कळदां पाणी दिसतच नाहीं. दिसतें तें हिरवेंगार रान. परगांवाहून आलेल्या आमच्या एका स्नेह्यांनीं तें पाहून "हें कसलें पीक?" असें विचारलें होतें, व त्यांत त्यांचा कांहीं दोष नव्हता. पानाचा देंठ फुगीर, आंतून भेंडासारखा पोकळ व हवेनें भरलेला असतो; त्यामुळें रोप पाण्यावर तरंगतें. खालीं काळसर जांभळीं मुळें पिसांसारखीं लोंबत असतात. फूल फिकट जांभळें, आणि वरच्या पाकळीवर मोराच्या पिसाऱ्यांतील डोळ्यासारखा पिवळा ठिपका. हें फूल सुंदर आहे यांत शंका नाहीं, आणि पुढील सर्व अनर्थाचें मूळ या सौंदर्यांतच आहे. एका रोपाला फांटे फुटून दुसरें, दुसऱ्यापासून तिसरें असा विस्तार होतो. ऊब व पोषण भरपूर असेल तर दोन आठवड्यांच्या आंत रोपांची संख्या दुप्पट होते. दाट वाढलेल्या एका हेक्टरांतील पाणवेलीचें वजन शेंकडों टन भरतें, व त्यांतील शेंकडा पंचाण्णवच्या सुमारास भाग पाण्याचाच असतो. ज्या मजुरास ती उपसावी लागते तो बिचारा बहुतांशीं पाणीच वाहत असतो.

या वनस्पतीचें माहेर दक्षिण अमेरिकेंत, ॲमेझॉनच्या खोऱ्यांत आहे. १८१७ ते १८२० या काळांत ब्राझिलांत हिंडलेल्या मार्टियस या जर्मन शास्त्रज्ञानें तिचें वर्णन प्रथम केलें. पुढें १८४३ च्या सुमारास कुंट या पंडितानें तिच्यासाठीं 'आयकॉर्निया' हा वंश कल्पिला. तें नांव प्रशियाचा तत्कालीन मंत्री आयकहॉर्न याच्या सन्मानार्थ होतें. मंत्र्यांस प्रसन्न ठेवण्याची विद्वानांची रीत केवळ आमच्याकडचीच नव्हे, एवढें यावरून कळतें. अलीकडे शास्त्रज्ञांनीं तिला पुन्हां पहिल्या, म्हणजे पाँटेडेरिया या वंशांत घातलें आहे. तेव्हां मंत्रिमहाशयांच्या वांट्यास आतां तेवढेंहि अमरत्व उरलें नाहीं. माहेरीं ही वनस्पति बेतानें असते. तेथील नद्यांचें पाणी दरवर्षीं कित्येक पुरुष चढतें आणि उतरतें, आणि तिला खाणारे किडेहि तेथें तिच्या बरोबरच वाढलेले आहेत. तेथून ती निघाली ती मात्र एकटी. युरोपांतील हौशी श्रीमंतांच्या कुंडांत ती गेली, तेथून वनस्पति-उद्यानांत, आणि उद्यानांतून जगभर. १८८४-८५ सालीं न्यू ऑर्लिअन्स येथें भरलेल्या मोठ्या प्रदर्शनांत तिचीं रोपें भेट म्हणून वांटलीं गेलीं व तेथून ती दक्षिण अमेरिकन संस्थानांच्या—म्हणजे संयुक्त संस्थानांतील दक्षिणेकडील प्रांतांच्या—नद्यांत शिरली, असें सांगतात. १८९९ सालीं जलमार्ग मोकळे करण्याचें काम तेथील काँग्रेसला लष्करी अभियंत्यांकडे सोंपवावें लागलें. १९१० सालीं तर लुइझियानाच्या एका सभासदानें आफ्रिकेंतील पाणघोडे आणून नद्यांत सोडावे, म्हणजे ते ही वेल खातील व लोकांस मांसहि मिळेल, असें बिल मांडलें! तें मंजूर झालें नाहीं. झालें असतें तर पाणघोड्यांच्या बंदोबस्तासाठीं कोणता प्राणी आणावा याचें बिल पुढें आलेंच असतें.

हिंदुस्थानांत ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत बंगालमध्यें आली, आणि तीहि शोभेसाठींच. बंगाल म्हणजे पाण्याचा प्रांत. नद्या, खाड्या, बिलें, तळीं यांच्या जाळ्यांतूनच तेथील माणसें, ताग आणि भात यांची ने-आण होई. थोड्याच वर्षांत या जाळ्याची वीण हिरव्या वेलीनें बुजून गेली. होड्या अडकूं लागल्या. पुराबरोबर वेलीचे प्रचंड तराफे शेतांत शिरून उभें भात मोडूं लागले. खालचें पाणी कुजून मासे मरूं लागले. १९१४ सालीं नारायणगंजच्या व्यापारी मंडळानें सरकारकडे ओरड केली. तेवढ्यांत पहिलें महायुद्ध सुरू झालें, आणि ही पीडा जर्मनांनींच मुद्दाम सोडली अशी अफवा उठून तिला 'जर्मन पाना' हें नांव पडलें. पाना म्हणजे बंगालींत पाण्यावर तरंगणारें शेवाळ. कोणी म्हणे नारायणगंजच्या एका ताग-व्यापाऱ्यानें ती ऑस्ट्रेलियांतून आणली. आणणारा कोण, या प्रश्नाची चर्चा इतकी रंगली कीं, ती येथें इतकी माजली कां, हा प्रश्न पुष्कळ दिवस मागें पडला.

ब्रह्मदेशांत १९१७ सालींच तिच्याविरुद्ध कायदा झाला. बंगाल सरकारनें १९२१ सालीं समिती नेमली, आणि तिचें अध्यक्षपद दिलें जगदीशचंद्र बसूंस. वनस्पतींच्या संवेदनांचा शोध घेण्यांत ज्यांनीं आयुष्य वेंचलें त्याच महापुरुषास एका वनस्पतीच्या संहाराची योजना आंखावयास बसविलें, हा योगायोग पाहून मौज वाटते. औषध फवारावें, हातांनीं उपसावी कीं कायद्यानें सक्ति करावी, याचा खल वर्षानुवर्षें चालला. अखेर १९३६ सालीं बंगालमध्यें कायदा झाला: कोणींहि ही वेल आपल्या जमिनींत वा पाण्यांत राहूं देऊं नये, ती काढून टाकण्याची जबाबदारी ज्याच्या ताब्यांत ती जागा असेल त्याची. १९३७ च्या निवडणुकींत बंगाल पानामुक्त करण्याचें आश्वासन पक्षांच्या जाहीरनाम्यांत झळकलें, व फझलूल हक यांचें मंत्रिमंडळ आल्यावर १९३९ सालीं सबंध प्रांतांत पाना उपसण्याचा एक सप्ताहहि पाळण्यांत आला. मतांसाठीं एखाद्या तणाचा उपयोग झाल्याचें दुसरें उदाहरण आमच्या वाचनांत नाहीं.

परंतु या कायद्यांतील खोंच पाहण्यासारखी आहे. वेल वाहत येते. ती वाहत येऊन ज्याच्या शेतांत थांबेल तो कूळवाडी गुन्हेगार. ती जेथून आली तेथच्यावर, किंवा ज्यानें तिला थांबावयास जागा केली त्याच्यावर, कांहीं बोजा नाहीं. आणि जागा कोणीं केली होती? बंगालच्या आरोग्य खात्याचे मुख्य डॉ. बेंटले यांनीं १९२५ सालींच हिंवतापाविषयीं लिहितांना दाखवून दिलें होतें कीं, रेल्वेच्या आणि सडकांच्या बांधांनीं पुराचें पाणी अडलें, जुन्या नद्यांचे ओघ मेले, आणि जें पाणी दरवर्षीं धुवून निघत असे तें डबक्यांत सांचून राहिलें. बेंटले डासांविषयीं बोलत होते. पण ज्या पाण्यांत डास वाढले त्याच पाण्यांत पाना वाढली. पुढें पूर्व बंगालच्या, आतांच्या बांगलादेशाच्या, शेतकऱ्यांनीं या शत्रूशीं एक प्रकारें समेट केला. कुजलेल्या पानेचे तरंगते वाफे करून त्यांवर ते भाजीपाला पिकवितात. १९३९ च्या सप्ताहापेक्षां आम्हांस त्यांची ही युक्ति अधिक शहाणपणाची वाटते.

बंगालची हकीकत इतक्या विस्तारानें सांगण्याचें कारण असें कीं, गोदावरीचें मूळचें पात्र बंगालच्या नद्यांसारखें मुळींच नव्हतें, आणि तरीहि आज येथें तीच कथा दिसते. ब्रह्मगिरीवरून निघालेली गोदा काळ्या खडकावरून उतरते. पावसाळ्यांत लोंढा, हिंवाळ्यांत निवळ धार आणि उन्हाळ्यांत दोन खडकांमधले डोह, अशी तिची वर्षाची रीत. हालाच्या गाथासप्तशतींत गोदातीर वारंवार येतो. त्या काळापासून दीड-दोन हजार वर्षें ती रीत फारशी बदलली नव्हती. अशा नदींत पाणवेल पडली असती तरी पहिल्या आषाढांतच समुद्राच्या वाटेस लागली असती. तिला राहतें घर हवें होतें; तें विसाव्या शतकानें दिलें.

१९०७ ते १९११ या वर्षांत निफाड तालुक्यांत, कादवा गोदेस मिळते तेथें, नांदूर मधमेश्वरचा बंधारा झाला. १९१६ सालीं दारणेचें धरण पुरें झालें. या दोहोंचें पाणी पाटांनीं कोपरगांवकडे, म्हणजे आतां अहिल्यानगर म्हणविणाऱ्या दुष्काळी जिल्ह्यांत गेलें व तेथें ऊस उभा राहिला. १९६५ सालीं नाशिकच्या माथ्यावर गंगापूरचें मातीचें धरण पूर्ण झालें. या कामांबद्दल आम्हीं नाक मुरडणें कृतघ्नपणाचें होईल. आमच्या घरच्या हंड्यांतलें पाणी गंगापूरचेंच आहे. परंतु त्यांचा एक परिणाम असा झाला कीं, पावसाळा सोडला तर शहराखालील नदी ही नदी राहिली नाहीं; बंधाऱ्यामागें बंधारा अशा संथ तळ्यांची ती एक माळ झाली.

घर झालें; मग अन्न. १९०१ च्या खानेसुमारींत नाशिकची वस्ती एकवीस हजारांच्या आसपास होती. २०११ च्या खानेसुमारींत ती १४ लाख ८६ हजार भरली. मध्यें १९६२ सालीं औद्योगिक विकास महामंडळ निघालें, आणि सातपूर व अंबड येथें कारखान्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. शहरास पुरविलेल्या पाण्यापैकीं सुमारें चार पंचमांश सांडपाणी होऊन परत येतें, असें अभियंते धरून चालतात. ज्या नंदिनीस आमच्या लहानपणीं सर्व लोक नासर्डी म्हणत ती, वाघाडी, आणि दोन्ही तीरांचे लहानमोठे नाले हें सर्व गोदेंतच आणून सोडतात. तपोवन, आगर टाकळी, पंचक वगैरे ठिकाणीं मैलापाणी शुद्ध करण्याचीं केंद्रें आहेत. पण तेथें जी शुद्धि होते ती मुख्यतः घाणीची व दुर्गंधीची. नायट्रोजन आणि फॉस्फरस हीं जीं वनस्पतींचीं खरीं अन्नें, त्यांचा बराच भाग नेहमीच्या पद्धतीनें शुद्ध केलेल्या पाण्यांतहि उरतो. शिवाय साबणाचें पाणी आहे, आणि शहराखालील द्राक्षबागांस घातलेलें खत पावसानें धुवून येतें तेंहि आहे. माळी ज्याप्रमाणें वाफा बांधतो, पाणी साठवितो आणि खत देतो, त्याप्रमाणें आपण हें सर्व यथासांग केलें. पाणवेल फक्त उगवली.

हें ध्यानांत घेतलें नाहीं तर दरवर्षीं होणाऱ्या उपसणीचा अर्थ कळत नाहीं. होड्या येतात, यंत्रें येतात, वेलीचे ढीग कांठावर पडतात, वर्तमानपत्रांत छायाचित्रें येतात. आणि महिन्या-दीड महिन्यांत पाणी पुन्हां हिरवें होतें. मग पावसाळा लागतो. गंगापूरचे दरवाजे उघडतात, दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी चढलें कीं सारें नाशिक पूर पाहावयास लोटतें, आणि वेलीचीं बेटेंच्या बेटें डोळ्यांदेखत वाहून जातांना पाहून लोक म्हणतात, "बरें झालें, गंगामाईनें आपण होऊन झाडलोट केली."

ही झाडलोट जाते कोठें? दारणा पोटांत घेऊन गोदा चांदोरी-सायखेड्याकडे येते. तेथें दोन गांवांना जोडणारा पूल आहे. वरून आलेलीं बेटें त्याच्या गाळ्यांत अडकतात, मागून येणारीं त्यांवर चढतात, आणि गाळे बुजले कीं पूल हा पूल न राहतां बंधारा होतो. पाण्याची फूग मागें गांवांत शिरते. २०१६ च्या ऑगस्टांत व पुन्हां २०१९ च्या ऑगस्टांत सायखेडा आणि चांदोरी हीं गांवें पुरांत सांपडलीं. घरांत, दुकानांत पाणी शिरलें. तो सर्व पूर पाणवेलीनें आणला असें म्हणणें अन्यायाचें होईल. धरणांतून सोडलेलें आणि आभाळांतून पडलेलें पाणीच तितकें होतें. पण आधींच भरलेल्या नदीच्या गळ्यास ज्या वेलीनें फांस घातला ती सायखेड्यानें लावलेली नव्हती. नाशिकच्या मोऱ्यांवर ती पोसली, नाशिकच्या लोकांनीं तिला टाळ्या वाजवून निरोप दिला, आणि ती उतरली निफाड तालुक्यांत. १९३६ च्या बंगालच्या कायद्यांत जो न्याय होता तोच येथें कायद्यावांचून चालू आहे: वेल ज्याच्या दारीं थांबेल त्यानें ती काढावी.

सायखेड्यानंतर ती नांदूर मधमेश्वरच्या फुगवट्यांत पोंचते. हें ठिकाण १९८६ पासून अभयारण्य आहे व रामसर येथील आंतरराष्ट्रीय करारान्वयें नांवाजलेल्या पाणथळ जागांच्या यादींत दाखल झालेलें तें महाराष्ट्रांतील पहिलें. येथें आमच्या प्रतिपादनास थोडी मुरड घालणें प्राप्त आहे. तरंगत्या पानांवरून लांब बोटांचे कमळपक्षी व जांभळ्या पाणकोंबड्या मजेंत चालतात. तसेंच ही वेल पाण्यांतील कांहीं विषारी धातूहि शोषून घेते. म्हणजे ती सर्वथा दुष्ट नाहीं. मात्र जेथें ती पाण्याचें तोंडच बंद करते तेथें खालीं उजेड जात नाहीं, कुजलेल्या पानांनीं पाण्यांतला प्राणवायु संपतो, मासे जातात, आणि ज्या बदकांना उघडें पाणी हवें असतें तींहि दुसरीकडे जातात. कोळ्यांच्या जाळ्यांत चिलापी तेवढी बाराही महिने असते. तीहि परकीच, आफ्रिकेंतील हा तिलापिया मासा १९५२ सालीं मत्स्योत्पादन वाढावें म्हणून सरकारी हेतूनेंच या देशांत आणला गेला.

हा व्यवहार एकतर्फी आहे असें मात्र समजूं नये. दक्षिण अमेरिकेनें आम्हांस पाणवेल दिली, तर आशियानें तिकडे एक शिंपला पाठविला. चीनमधील नद्यांतला हा सोनेरी शिंपला जहाजांच्या तळाशीं भरलेल्या पाण्यांतून जाऊन १९९१ सालीं अर्जेंटिनांत, ला प्लाटाच्या मुखाशीं आढळला, आणि दहाच वर्षांत पाराना नदीनें वर चढत इतायपूच्या प्रचंड धरणापर्यंत पोंचला. आमच्या नद्यांतील देशी शिंपल्यांचीं पिलें कांहीं काळ माशांच्या कल्ल्यांस चिकटून वाढतात. मासा नेईल तितकीच त्यांची यात्रा. या परक्या शिंपल्याचीं पिलें पाण्यांत मोकळीं तरंगतात व मिळेल त्या कठीण पृष्ठभागास धागे लावून बसतात. विजेच्या केंद्रांच्या नळांत त्यांचे थरावर थर चढतात. त्याचाच एक दूरचा भाऊबंद मूळचा कॅरिबियन समुद्राकडचा. तो १९६७ सालीं विशाखापट्टणच्या बंदरांत सांपडला, व पुढच्या दशकांत मुंबई बंदरांतहि त्याची नोंद झाली. १९९९ सालीं तोच ऑस्ट्रेलियांत डार्विन येथें दिसतांच तेथील सरकारनें गोद्या बंद करून, पाण्यांत क्लोरीन व मोरचूद ओतून, कांहीं आठवड्यांत त्याचा निकाल लावला. अशी तांतडी फार थोड्या ठिकाणीं साधली आहे, आणि तीहि तीन बंदिस्त गोद्यांपुरती. वाहत्या नदींत मोरचूद ओतण्याचा विचार कोणी करूं नये.

पाणवेलीवर दुसरा एक इलाज आहे. तिच्या माहेरचे दोन जातींचे सोंडकिडे १९८२ च्या सुमारास बंगळूरच्या फलोद्यान संशोधन संस्थेंत आणून, ते दुसऱ्या पिकांस लागत नाहींत अशी खात्री करून, तेथील तळ्यांत सोडण्यांत आले, व कांहीं तळीं त्यांनीं खरोखरच मोकळीं केलीं. आफ्रिकेंत व्हिक्टोरिया सरोवरावर १९९५ पासून त्यांचाच प्रयोग झाला. पाणघोड्यांपेक्षां ही योजना शहाणपणाची यांत शंका नाहीं. पण किड्यांच्याहि शक्तीस मर्यादा आहे: सांडपाण्यावर पोसलेली वेल किड्यांच्या खाण्यापेक्षां झपाट्यानें वाढते, आणि नदीचा पूर वेलीबरोबर किड्यांसहि वाहून नेतो, वेल पुन्हां पंधरवड्यांत उभी राहते, किड्यांना मात्र सारा संसार नव्यानें मांडावा लागतो.

२०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्तानें गोदावरीच्या शुद्धीची चर्चा पुन्हां निघाली आहे, व रामकुंडाचें पाणी स्वच्छ राहावें अशी सर्वांची इच्छा आहे. तिच्याशीं आमचें भांडण नाहीं. पण रामकुंड शहराच्या वरच्या अंगास आहे. तेथें पर्वणीपुरतें धरणाचें पाणी सोडतां येतें. नदीचा हिशेब तपासावयाचा असेल तर तो टाकळीच्या संगमाखालीं तपासला पाहिजे, दसकास तपासला पाहिजे, आणि सायखेड्याच्या लोकांस बोलावून त्यांच्या समक्ष तपासला पाहिजे. आजवर झालेल्या सिंहस्थांच्या तयारींत सायखेड्याचें नांव निघाल्याचें आम्हीं ऐकलें नाहीं. पूर ओसरल्यावर तेथील लोक पुलाच्या गाळ्यांतून वेल ओढून काढतात आणि कांठावर टाकतात. तिचें बीं मात्र चिखलांतच राहतें. तें पंधरा-वीस वर्षेंपर्यंत रुजण्यासारखें असतें. म्हणजे एका सिंहस्थांत गाळांत पडलेलें पुढच्या सिंहस्थापर्यंत टिकतें.